दोन इंच तार

वस्तादांना पक्षाघाताचा झटका आला त्यात उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली, आणि त्यांच्या बदल्यात एक नसती गोष्ट पदरात पडली. हसू. भीती वाटली की हसू, राग आला की हसू, सुई टोचली की हसू. डॉक्टरांनी लेकाला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं होतं, "हसण्यारडण्यावरचा त्यांचा ताबा सुटलाय. हसताना दिसले म्हणजे आनंदातच आहेत असं धरून चालू नका." दोघांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागतं?

तर त्या रविवारी सकाळी लेक कपडे वाळवायचा ड्रायर खोलून फरशीवर बसला होता, आणि चार हातांवर चाकाच्या खुर्चीत वस्ताद. हे नाव त्यांना दुकानाने दिलेलं. घरगुती यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांनी हयात घालवली. हाताला जेवढं यश, तेवढीच जिभेला धार. लहानपणी लेक मोठ्या हौसेने शेजारी येऊन बसायचा आणि "पेचकस धरलायस की चमचा?" एवढं ऐकून, मान खाली घालून उठून जायचा. शेवटी तो विमा कंपनीत चिकटला आणि पेचकसाशी त्याचा संबंध संपला.

आज संबंध आला, कारण ड्रायर तीन दिवस बंद होता. बाहेर आठवडाभर ऊन नाही. घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर ओल्या चादरी आणि त्यांच्या खालून वाकून वाकून फिरणारी सून. चादरी कोणाच्या, हे वस्तादांना कोणी सांगायला नको होतं. दिवसाला तीन. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं त्यांना. मिस्त्रीने दहा दिवसांनंतरची वेळ दिली होती.

लेकाने फोनवरचा व्हिडिओ थांबवत, पुढे-मागे करत ड्रायरची मागची पाठ काढली, मीटरची टोकं इथे लाव तिथे लाव केली आणि बोटाच्या पेराएवढा एक पांढरा तुकडा वर धरला.

"सापडला चोर! हा फ्यूज उडालाय."

वस्तादांना तो तीन दिवसांपूर्वीच, ड्रायर बंद पडतानाच्या नुसत्या आवाजावरून सापडला होता. यंत्र फाजील तापलं की हा तुकडा स्वतः जळतो आणि वीज तोडतो, म्हणून घर वाचतं. आणि यंत्र तापलं का, तेही त्यांना ठाऊक होतं. खुर्चीला वाट व्हावी म्हणून गेल्या महिन्यात लेकाने ड्रायर भिंतीला रेटला, तेव्हा गरम हवा बाहेर नेणारी पत्र्याची नळी मागे चेंगरली. आत कपड्यांचा कापूस साठत गेला. ती नळी आत्ता लेकाच्या कोपराशीच पडली होती. त्याने ती बाजूला सारली.

"नवा फ्यूज गुरुवारी येईल," फोनमध्ये बघत तो म्हणाला. "तोवर असं चालवून घेऊ." वस्तादांच्याच जुन्या पेटीतून त्याने दोन इंच तार कापली, टोकं सोलली आणि फ्यूजच्या जागी दोन्ही वायरींना पीळ देऊन जोडून टाकली.

वस्तादांनी ती तार पाहिली. दुकानात एका कारागिराने हेच केलं होतं, तेव्हा त्याला त्यांनी उभ्या उभ्या हाकलून दिलं होतं. आत्ताही तीच आग तळपायापासून मस्तकात गेली. काढ ते! घर पेटवशील! त्यांनी तोंड उघडलं आणि खदाखदा हसले.

लेक दचकला. मग त्याचा चेहरा असा उजळला, की वस्तादांना तो बघवेना.

"काय बाबा, जमलं ना?"

त्यांनी मान हलवली, नाही, नाही. पण हसता हसता माणसाची मान हलतेच. डाव्या हाताने नळीकडे बोट दाखवलं, तर लेकाने नळीपलीकडची पाण्याची बाटली उचलून त्यांच्या ओठांना लावली. पाणी हनुवटीवरून ओघळलं.

सून चादर बाजूला करून आली. "अरे, डॉक्टर काय म्हणाले होते? हसतात म्हणजे—"

"माहितीये गं. पण हे वेगळं आहे. माझे बाबा आहेत, मला कळणार नाही का?"

वस्तादांनी जीव डोळ्यांत आणून सुनेकडे पाहिलं. तिनेही क्षणभर पाहिलं. मग तिची नजर दोरीवर गेली, तिथून बादलीतल्या पिळून ठेवलेल्या चादरींवर, आणि ती थकून म्हणाली, "होऊ दे बाई एकदाचं सुरू."

लेकाने पाठ बसवली, नळी जोडली आणि ड्रायर गुडघ्याने रेटून पुन्हा भिंतीला टेकवला. मागे पत्रा कुरकुरला. तो आवाज ऐकायला शिकलेले कान घरात एकाच माणसाचे होते. लेक हात धुवायला गेला, सून चादरी भरायला बादलीशी वाकली. वस्तादांनी एका हाताने चाक ढकललं तशी खुर्ची जागच्या जागी गिरकली. मग त्यांनी चांगल्या पायाने फरशी रेटत, घामाघूम होत भिंत गाठली, बटणाजवळची वायर मुठीत धरली आणि प्लग ओढून काढला.

"अहो बाबा!" लेक ओल्या हातांनी धावत आला आणि पोट धरून हसायला लागला. "खोड्या सुचतायत होय तुम्हाला?" त्याने मुठीतून वायर हळुवार सोडवली, खुर्ची खिडकीपाशी नेली आणि ब्रेक लावला. ब्रेकचा दांडा उजव्या बाजूला होता.

प्लग बसला. ड्रायर घुमू लागला. सुनेने डोळे मिटून सुस्कारा सोडला, आणि लेक वस्तादांच्या पायाशी मांडी घालून बसला, तो लहानपणी बसायचा तसा.

"हा आवाज ऐका. मी केलाय," तो म्हणाला. "तुम्ही कधी हसला नव्हतात हो माझं काम बघून. एकदासुद्धा नाही."

खरं होतं ते. वस्तादांनी आठवून पाहिलं, पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. एकदा जरी ते या पोराच्या पाठीवर हात ठेवून मनापासून हसले असते, तर ते हसू त्याच्या ओळखीचं असतं. मग आजचं हसू खोटं आहे हे त्याला कोणी सांगावं लागलं नसतं. त्याच्याजवळ ताडून बघायलाच काही नव्हतं, आणि ते त्याला ज्याने दिलं नाही तो इथे ब्रेक लावलेल्या खुर्चीत बसला होता. त्यांनी डावा हात उचलून लेकाच्या डोक्यावर ठेवला आणि केस मुठीत घट्ट धरून त्याचं तोंड ड्रायरकडे वळवायला बघितलं. लेकाला तो लाड वाटला. त्याचे डोळे भरून आले.

"थांबा, ताईला दाखवू. तिला खरं नाही वाटायचं," म्हणत त्याने फोन समोर धरला. "हं बाबा, पुन्हा एकदा हसा."

ड्रायरच्या मागून करपल्या कापसाचा बारीकसा वास आला. घरात तो अजून दुसऱ्या कोणाच्या नाकापर्यंत पोचला नव्हता. वस्तादांचं सगळं अंग भीतीने ताठ झालं आणि ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, हसतच राहिले.

"ताई, बघ," लेक फोनमध्ये सांगत होता, "बाबा माझ्यावर किती खूश आहेत."