शालीचा ओला कोपरा

जुन्या शालीला वय कोणी विचारत नाही, मित्रांनो. ‘अजून टिकली आहे का?’ एवढंच विचारतात. टिकले आहे मी. राखी रंगाची, लोकरीची, दोन्ही टोकांना गोंडे असलेली. एक कोपरा सोडला तर अजूनही अंगभर ऊब देऊ शकेन. पण आज मला त्याच कोपऱ्याविषयी सांगायचं आहे.

एका विणकराने मला मागावर विणलं. त्याच्या अंगठ्याला घट्टा होता आणि धागा तुटला की तो धाग्यावर नाही, स्वतःवर चिडायचा. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने मला नव्या बायकोसाठी विकत घेतलं. ती बायको म्हणजे रफूबाई. फाटलेल्या कोटाचं, कुरतडलेल्या स्वेटरचं भोक त्या अशा बुजवायच्या, की पुढे धन्यालाही ते कुठे होतं ते सापडत नसे. म्हणून सगळी गल्ली त्यांना रफूबाई म्हणायची. खरं नाव बहुधा त्यासुद्धा विसरल्या असाव्यात.

त्या घरात मी पुष्कळ काम केलं. रफूबाईंचा मुलगा जन्मला तेव्हा त्याला पहिल्यांदा माझ्यात गुंडाळलं. तो तापाने फणफणला की मी, शाळेतून भिजून आला की मी, टेबलाखाली तंबू करायचा झाला तरी मीच. ‘ही शाल नाही, घरातलं माणूस आहे,’ असं रफूबाईंचे यजमान, घड्याळजी, म्हणायचे. पुढे ते आजारी पडले तेव्हा त्यांच्या पायांवर मीच होते. ते गेले. मुलगा मोठा होऊन जहाजावर कामाला लागला. मग रफूबाईंनी माझी घडी घालून मला दुकानातल्या खुर्चीच्या पाठीवर टाकलं. तिथे मी आठ वर्षं होते. मला कोणी पांघरलं नाही आणि टाकूनही दिलं नाही. गिऱ्हाईक टेकून बसलं की तेवढीच माणसाची ऊब लागायची.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीशी टेबल, त्यावर दिवा, सुयांची डबी आणि मोजा ताणून धरायचा लाकडी गोळा. आतल्या दोन खोल्यांत रफूबाई, त्यांची सून आणि आठ वर्षांची नात. मागे एवढंसं अंगण. त्या अंगणातल्या खोक्यात एका भटक्या मांजरीने चार पिल्लं घातली होती.

एका दुपारी नात पळत आली. तिच्या मुठीतून एक शेपूट लोंबत होतं.

“आज्जी, बघ ना! बाकीची नेली आणि ह्याला एकट्याला टाकून गेली त्याची आई!”

“टाकत नाही गं,” सून आतून म्हणाली. “मांजर एकेक पिल्लू नेत असते. येईल ह्यालाही न्यायला. ठेव बघू जागेवर.”

रफूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. “आभाळ भरलंय. तिची वाट बघेपर्यंत भिजून मरेल हे. आण इकडे.”

आणि त्यांनी हात मागे करून खुर्चीवरून मला ओढलं. आठ वर्षांनी मी उलगडले, मित्रांनो. माझ्या घडीत एक जीव आला. त्याचे डोळे नुकते उघडले होते आणि अंगाला अजून दुधाचा वास होता.

तासाभरात त्याची आई आली. रिकाम्या खोक्याभोवती फिरली आणि दाराशी ओरडत बसली. तीन दिवस ती येत होती. दुसऱ्या दिवशी रफूबाई म्हणाल्या, “आता माणसाचा वास लागलाय ह्याला. ती घ्यायची नाही.” हे खरं नव्हतं. दार उघडलं असतं तर तिने घेतलं असतं. पण तोवर नातीने नाव ठेवलं होतं, आणि नाव ठेवलेलं पिल्लू कोणी परत देत नाही. माझ्या गोंड्यांना बिलगून झोपायचा म्हणून त्याचं नाव गोंड्या.

चौथ्या दिवशी आई यायची थांबली. त्याच संध्याकाळी गोंड्याने माझा कोपरा तोंडात धरला.

आधी पुढच्या दोन्ही पायांनी त्याने मला तुडवलं, एकदा डावा, एकदा उजवा. मग लोकरीत नाक खुपसून तो लुचू लागला. डोळे मिटलेले, घशात घरघर. थोड्या वेळाने तो थांबला आणि वाट पाहू लागला. दूध आलं नाही. त्याने जरा सरकून दुसरीकडे तोंड लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मी खोटं बोलणार नाही. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कोणाला तरी मीच हवी होते. माझ्यात दूध नव्हतं. पण त्याला ते कळू नये असं मला वाटायचं.

घरात सुरुवातीला सगळ्यांनाच कौतुक. पण गोंड्या वाढला तशी खोडही वाढली. टॉवेलची किनार, चपलेचा पट्टा, दुधाची रिकामी पिशवी, झोपलेल्या नातीच्या कानाची पाळी, त्याला काहीही चालायचं. सुनेने माझ्या कोपऱ्याला लिंबू चोळून पाहिलं. गोंड्याने तोंड वाकडं केलं, चार शिंका दिल्या आणि शेजारचा कोपरा धरला.

बँडवाले मास्तर आपला गणवेशाचा कोट न्यायला आले त्या दिवशी तर मोठाच तमाशा झाला. बाहीचं भोक रफूबाईंनी झकास बुजवलं होतं. मास्तरांनी दुसरी बाही घातली आणि त्यांचं कोपर बाहेर आलं.

“रफूबाई, मी एक भोक घेऊन आलो होतो. हे दुसरं तुमच्याकडून बक्षीस का?”

“अगं बाई! द्या इकडे. उद्या न्या, फुकट.”

“उद्या मिरवणूक आहे! आणि हा चोर कुठाय?” गोंड्या मास्तरांच्याच मोज्याला लुचत होता. मास्तर खाली बघून हसले. “जित्याची खोड हो, मेल्याशिवाय जायची नाही.”

सगळे हसले. मीही हसले असते.

सून मात्र हसली नाही. ती गोंड्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. नेताना गुंडाळलं माझ्यातच.

डॉक्टरीणबाईंनी त्याचे दात पाहिले, पोट दाबून पाहिलं. मग माझा ओला कोपरा दोन बोटांत धरला.

“आईपासून लवकर तोडलंत ना ह्याला?”

सुनेने मान हलवली.

“अशी पिल्लं लुचतात. बरीचशी पुढे सोडतात, काही जन्मभर सोडत नाहीत. नुसतं चोखलं तर बिघडत नाही, पण हा चावून तोडायला लागलाय. एखादा लांब धागा पोटात गेला तर आतडं त्यावर चुणीसारखं गोळा होतं. मग माझ्याही हातात फारसं राहत नाही. लोकर, दोरे, पिशव्या, सगळं उचलून ठेवा. थोडं थोडं चार वेळा खायला द्या. रोज खेळवून दमवा. आणि ही शाल आजच कपाटात.”

घरी येऊन सुनेने शब्दन्‌शब्द सांगितला. नात मान हलवत होती. रफूबाईंनी मला कपाटात ठेवलं, कडी लावली आणि टेबलावरचे सगळे दोरे डब्यात भरले.

कपाटाच्या आतून मी त्याला ऐकत होते. दिवसभर तो दार ओरबाडत होता. खेळवलं की खेळायचा, दिलं की खायचा आणि पुन्हा दाराशी यायचा. दुसऱ्या दिवशीही तेच. अजून आठ-दहा दिवस गेले असते तर कदाचित विसरला असता. पण तिसऱ्या दिवशी नात शाळेत आणि सून बाजारात असताना कपाट उघडलं.

“बास झालं रे,” रफूबाई म्हणाल्या. “ऐकवत नाही मला. आईही नाही आणि हेही नाही, मग करायचं काय जिवाने?”

संध्याकाळी सून रागावली. “अहो आई, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?”

“लांब धागा पोटात जायला नको, असंच ना? मग मी धागा सुटूच देत नाही. चाळीस वर्षं काय केलं मी? भोक पडलं की बुजवेन. कच्ची लोकर तुटते, म्हणून रेशमाने बुजवेन. त्याचा बापसुद्धा तोडणार नाही.”

“आई, प्रत्येक गोष्ट रफू करून भागत नाही.”

“आजवर भागलीय,” रफूबाई म्हणाल्या.

त्यांच्या बोटांना दुसरं काही येत नव्हतं, मित्रांनो. कापड फाटतं, आपण सांधतो, एवढाच जगाचा नियम त्यांना ठाऊक होता. मग रोज दुपारी त्या माझा कोपरा लाकडी गोळ्यावर ताणून त्यात रेशीम भरत.

आता रफूची एक रीत ऐका. चांगली रफूगार प्रत्येक ओळीच्या टोकाला धागा करकचून ओढत नाही. तिथे ती तांदळाच्या दाण्याएवढा ढिला वळसा सोडते. धुतल्यावर कापड आकसतं तेव्हा तो वळसा आत ओढला जातो आणि रफूला सुरकुती पडत नाही. नवशिक्याला हे सुचत नाही. रफूबाईंनी माझ्या कोपऱ्यात एकही वळसा चुकवला नाही. इतका सुबक रफू त्यांनी कोणा गिऱ्हाइकालाही करून दिला नसेल.

पण मांजराच्या जिभेला मागे वळलेले काटे असतात. जिभेवर अडकलेला धागा मांजराला थुंकता येत नाही. तो गिळावाच लागतो.

ते मला कळलं तेव्हा गोंड्या माझ्या मांडीत असल्यासारखा पसरला होता. त्याने एक वळसा जिभेने ओढला. रेशीम सरकलं. एक ओळ सुटली, मग तिच्या पुढची. एकच सलग धागा होता तो, तुटणं त्याला माहीतच नव्हतं. मी आकसून धरायचा प्रयत्न केला. शाल काय धरणार? रफूबाई चार हातांवर पाठमोऱ्या बसून कोणाचा तरी स्वेटर सांधत होत्या. मला हाक मारता आली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने बशीतलं खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी ओकला. नातीने मासा पुढे केला तर त्याने मान फिरवली. पुन्हा त्याला माझ्यात गुंडाळून सगळे डॉक्टरीणबाईंकडे.

त्यांनी गोंड्याचं तोंड उघडलं आणि जीभ वर केली. जिभेच्या मुळाशी धाग्याचा एक वेढा बसला होता आणि बाकीचा धागा घशातून खाली गेला होता.

“ओढू नका कोणी,” त्या म्हणाल्या. “हे रेशीम आहे. कुठून आलं?”

सुनेने सासूकडे पाहिलंसुद्धा नाही.

“माझं आहे,” रफूबाई म्हणाल्या. “माझ्या हातचं.”

पोट उघडावं लागलं. धाग्याने तीन जागी आतडं चिरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी जेवढं सांधता येईल तेवढं सांधलं. टाके घालून झाल्यावर त्यांनी रफूबाईंना आत बोलावलं. रफूबाई टाक्यांकडे बघत राहिल्या. काम चांगलं झालं आहे, हे त्यांना बघताच कळलं असणार. काम चांगलं होऊनही उपयोग नाही, हेही कळलं असणार. गोंड्या अर्धवट शुद्धीत होता. त्याचे पुढचे पाय हलत होते, एकदा डावा, एकदा उजवा. नातीने मला त्याच्या तोंडाजवळ धरलं.

“देऊ का, डॉक्टर? आता तरी?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “दे.”

त्याने तोंड लावलं नाही. संध्याकाळच्या आत तो गेला.

घरी परतताना नातीने विचारलं, “आज्जी, त्याला शालच आई वाटत होती का गं?” रफूबाई म्हणाल्या, “चल, गाडी येईल अंगावर.” उत्तर माझ्याकडे आहे. दर वेळी तो थांबून दुधाची वाट पाहायचा. आई वाटत होती, म्हणूनच तर पाहायचा.

मला धुऊन दोरीवर टाकलं. किती महिने ओला असलेला कोपरा एका दुपारी वाळला. सून मला टाकून द्या म्हणाली. रफूबाईंनी टाकलं नाही आणि पुन्हा सांधलंही नाही. त्या अजून दुकानात बसतात, पण कपडा तोंडात घालणाऱ्या तान्ह्या मुलांचे कपडे आले की दुसरीकडे न्यायला सांगतात.

मित्रांनो, खोक्यात एकटं पिल्लू दिसलं तर लांब उभे राहा आणि त्याच्या आईची वाट बघा. ती येते. आणि आईवेगळं पिल्लू घरात आलंच, तर त्याला दूध द्या, वेळ द्या, खेळवून दमवा, पण लोकर देऊ नका. ते दाराशी बसून रडेल. तुम्हाला ऐकवणार नाही, आणि कपाटाची कडी तुमच्याच हाताला येत असेल. तरी देऊ नका. हे मी, एक शाल, सांगते आहे.