आजोबांचा बुशशर्ट

विनायक सबनीसांच्या आजोबांनी ब्रह्मदेशच्या जंगलात जपान्यांची गोळी खाल्ली, ही गोष्ट दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक होती. आजोबांना स्वतःला मात्र तिचा पत्ता नव्हता. महायुद्धाची सगळी वर्षं ते पुण्याजवळच्या एका लष्करी गोदामात कारकून होते. गणवेश मोजायचे आणि गाडीत भरून द्यायचे. त्या काळात त्यांना झालेली एकमेव जखम टाचणीची.

विनायकराव केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. जंगलात लढलेल्या त्या फौजेचं ब्रिटिश सामान गोळा करायचं आणि ते दुरुस्त करायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा नाद. त्यांच्याकडे इनॅमलची पाण्याची बाटली होती. तिचं कसरीनं खाल्लेलं लोकरी कव्हर त्यांनी स्वतः सांधलेलं. कमरपट्टे होते, एक पाठपिशवी होती, आणि पितळी बकल चिंचेनं घासणं हा गुन्हा का आहे, यावर वीस मिनिटांचं भाषण होतं. संग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा दरारा असे. 'बटण चुकीचं. शिलाई आजची. क्षमस्व,' एवढंच ते लिहीत. समोरचा माणूस मग आठवडाभर ग्रुपवर फिरकत नसे.

पण बाटलीकडे बघतो कोण? पाहुणे विचारत, "कुणाची?" ठाऊक नाही म्हटलं की ते पुन्हा भज्यांकडे वळत. दिल्लीत प्रत्येकाकडे एक आजोबा असतो. कुणाचा फाळणीत घराच्या किल्ल्या घेऊन आलेला, कुणाचा तुरुंगात जाऊन आलेला. एका रविवारी विनायकरावांच्या तोंडून निघून गेलं, "आजोबांची." पाहुण्यांनी हातातली भजी खाली ठेवली. गोळी पुढच्या रविवारी लागली.

मग मराठी मंडळाचा सेक्रेटरी दिनकर घरी आला. "यार विनायक, मंडळाच्या हॉलमध्ये प्रदर्शन करू. बाटली ठीक आहे, पण वर्दी? गोळी लागलेली वर्दी असेलच ना?"

"असेल," विनायकराव म्हणाले.

ती सरोजिनी नगरच्या बाजारात, स्वस्त कपड्यांच्या ढिगाऱ्यात सापडली. हिरवा, जाड सुती, निर्यातीच्या मालातून उरलेला शर्ट. विनायकरावांनी बटणं बदलली, खिसे उसवून पुन्हा शिवले, दोन पातेली चहात शर्ट उकळला आणि डाव्या खांद्याखाली उदबत्तीनं भोक पाडलं.

"अहो," लतिका स्वयंपाकघरातून म्हणाली, "आजोबा ब्रह्मदेशात गेले होते की माझ्या चहाच्या डब्यात?"

"एकाच दिवसाचा प्रश्न आहे."

"गोळी जरा खाली लागली असती तर तो खिसा पुन्हा शिवावा लागला नसता," ती म्हणाली आणि नवीन पुडा फोडला.

प्रदर्शनात बाटलीकडे कुणी पाहिलं नाही. सगळे भोकासमोर उभे राहून फोटो काढत होते. दुपारी लक्ष्मीबाई नगरहून इंदुमतीबाई आल्या. वय चौऱ्याऐंशी, हातात काठी. शर्टासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

"माझे बाबा तिकडेच गेले होते," त्या म्हणाल्या. "मी तीन वर्षांची होते. घरी फक्त तार आली. त्यांचं कापड म्हणून काही आलं नाही. हात लावू?"

विनायकरावांनी मान डोलावली. प्रदर्शनातल्या वस्तूंना हात लावू नये, अशी पाटी त्यांनीच लिहिली होती.

इंदुमतीबाईंनी शर्ट उचलून नाकाशी नेला. "चहाचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "आई सांगायची, बाबांना चहा फार लागायचा."

दिनकरनं डोळे पुसले. विनायकरावांनी खाली, स्वतःच्या बुटांकडे बघितलं.

"मला रफू येतं," इंदुमतीबाई म्हणाल्या. " आईनं त्यावरच घर चालवलं. आठ दिवस नेऊ का? भोक असं उघडं बघवत नाही."

सांगायची वेळ हीच होती. हॉलमध्ये साठ माणसं होती, आणि विनायकराव म्हणाले, "न्या ना काकू. बिल्कुल."

पुढच्या रविवारी त्या रिक्षा करून घरी आल्या. भोक होतं ती जागा बोटानंच शोधावी लागत होती.

"आतल्या शिवणीतलेच धागे काढून भरलंय," त्या म्हणाल्या. "कापड मोठं टिकाऊ हो तेव्हाचं. आतला धागा अजून नवा कोरा!"

आत लतिकानं गॅस पेटवल्याचा आवाज आला.

इंदुमतीबाईंनी पिशवीतून एक फोटो काढला. फेटा बांधलेला, कॅमेऱ्याला घाबरलेला तरुण. "एक मागू? बाबांचा हा फोटो शर्टाखाली लावाल? तुमच्या आजोबांच्या सोबतीनं राहील."

वीस वर्षांत विनायकरावांनी शेकडो लोकांचा माल बनावट असल्याचं दाखवून दिलं होतं. ते वाक्य त्यांच्या जिभेवर तयार असे. आज मात्र ते जुळेना.

"काकू, शर्ट आजोबांचा नाही. बाजारातला आहे. भोक मी पाडलं. उदबत्तीनं."

काकूंना नीट ऐकू आलं नसावं, अशी आशा विनायकरावांना वाटून गेली. ऐकू आलं होतं.

"मग आजोबा?"

"गोदामात कारकून होते. पुण्यात. गणवेश मोजायचे."

"म्हणजे घरी यायचे?"

"रोज. साडेपाचला."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता.

फोटो त्यांनी पदरानं पुसला आणि पिशवीत परत ठेवला. शर्टावर त्यांचा हात अजून तसाच होता, रफूवर.

"आणि तो चहाचा वास?"

एवढ्यात लतिका ट्रे घेऊन बाहेर आली. तीन कप, ताजा, आलं घातलेला. विनायकरावांनी ट्रेकडे पाहिलं. इंदुमतीबाईंनीही पाहिलं, आणि शर्टावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"घ्या ना काकू, गार होईल," लतिका म्हणाली.

त्यांनी कप उचलला नाही. चहावर साय धरेपर्यंत कुणीच उचलला नाही.