गोणपाट पाणी पीत नाही

लाँड्रीवाल्या काकूंना कुत्र्याची किळस यायची, आणि ती लपवावी असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांचा सगळा जन्म दुसऱ्यांचे डाग काढण्यात गेलेला. कॉलरीवरचा मळ, उशीच्या अभ्र्यावरचं तेल, लहान मुलांच्या चादरींवरचं काय काय, सगळं त्यांनी नाक न मुरडता धुतलं होतं. पण त्या घाणीचं एक बरं होतं. धुतली की जायची. कुत्रा कितीही धुतला तरी कुत्राच राहायचा.

या कुत्र्याचं नाव गोणपाट. एका थंडीत तो दुकानाच्या मागच्या दारी येऊन, मळक्या कपड्यांच्या गोणींवर अंग टाकून झोपला होता. रंग असा, की काकांनी गोण समजून त्यालाच उचलायला हात घातला. काका म्हणजे काकूंचे यजमान. दुकानातली इस्त्री त्यांच्याकडे. गोण कुईकुई करून उठली, काकांचा हात चाटला आणि राहिली ती राहिलीच. तिला हाकलायचं काकूंच्या फार मनात होतं, पण मध्ये भिंगरी आडवी आली. भिंगरी ही त्यांची लेक. पायाला चाकं असल्यासारखी दिवसभर फिरायची, म्हणून भिंगरी.

तेव्हापासून काकूंच्या जिवाला स्वस्थता नव्हती. गोणपाटाच्या तोंडातून लाळेची तार लोंबायची आणि तो मान झटकेल तेव्हा ती कुठे जाऊन चिकटेल याचा नेम नसायचा. भिजला की अंगाला कुबट वास. स्वतःचं नको ते चाटून झालं की त्याच जिभेनं तो भिंगरीचा गाल चाटायचा, आणि कार्टी डोळे मिटून हसायची. एकदा तर मेलेल्या घुशीवर मनसोक्त लोळून तो थेट वाळत घातलेल्या पांढऱ्या कोटांखाली येऊन उभा राहिला होता. त्या दिवशी काकूंना जेवण गेलं नाही.

त्याची एकच गोष्ट काकूंना पसंत होती. दुकानाच्या एका कोपऱ्यात ब्लीचच्या आणि डाग काढायच्या औषधांच्या कॅनची मांडणी होती. त्या बाजूला गोणपाट कधी फिरकत नसे. मागच्या दारातून पुढे यायचं झालं तर समोरच्या भिंतीला अंग घासत, मान दुसरीकडे वळवून, लांबून वळसा घालून यायचा. त्यामुळे अख्ख्या दुकानात तेवढाच कोपरा केसांवाचून होता. मेल्याला तेवढी तरी अक्कल आहे, असं काकू म्हणायच्या.

बाकी अकलेचा उजेडच. भिंगरीच्या हट्टापायी काकूंनी एकदा त्याला आपल्या हातानं पोळीचा तुकडा पुढे केला होता. त्यानं लांबूनच हुंगला, ओठ चाटले आणि तोंड फिरवलं. साऱ्या गावचे उकिरडे फुंकणाऱ्या या प्राण्यानं आपल्या हाताला नाक मुरडावं, हे काकूंच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

आणि आता त्याला डोंगरावर न्यायचं घाटत होतं.

बेत काकांचा. एक दिवस दुकान बंद ठेवायचं, उजाडताच निघायचं, डोंगराच्या धारेवरून थेट टेहळणीच्या मनोऱ्यापर्यंत चालत जायचं आणि पलीकडच्या अंगानं दिवस मावळायच्या आत खाली यायचं. बेत काकूंनाही हवा होता. कित्येक वर्षांत वाफेपलीकडची हवा त्यांच्या छातीत गेली नव्हती. त्यांना फक्त कुत्रा नको होता. पण भिंगरीनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं, की गोणपाट येणार नसेल तर तीही येणार नाही. मग काका म्हणाले, पोर येणार नसेल तर आपण दोघांनी तिथे जाऊन काय दगड मोजायचे?

संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून इस्त्रीच्या टेबलावर नकाशा पसरला जाई. कोपरे उडू नयेत म्हणून त्यावर थंड झालेल्या इस्त्र्या ठेवायच्या. काका बोटानं वाट दाखवायचे आणि काकू अडचणी काढायच्या. वाटेत त्यानं घाण केली तर ती कुणी उचलायची? पिशवीत भरून दिवसभर कुणाच्या पाठीवर वागवायची? जेवणाच्या डब्याशेजारी? काका म्हणाले, माझ्या पिशवीत. काकूंनी त्या पिशवीकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच भरली आहे.

प्राण्यांचे डॉक्टर आपला कोट न्यायला आले ते या चर्चेच्या मध्येच. गोणपाटाचे पंजे उलटेसुलटे करून बघितले, आणि मग भिंगरीला जवळ बसवून त्यांनी सावकाश समजावलं. माणसाला उकडलं की सगळ्या अंगाला घाम येतो आणि अंग गार होतं. कुत्र्याला तसा घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडावाटे गार होतो, म्हणून त्याला थोडं थोडं पाणी सारखं लागतं. धारेवर ना झरा ना डबकं. आपण नेलेलं पाणी, आपण नेलेल्या भांड्यातून त्यानं प्यायलं पाहिजे. तेव्हा आधी त्याला अर्ध्या चढापर्यंत नेऊन बघा. प्यायला तर न्या. नाही प्यायला तर घरी ठेवा, नाहीतर उन्हात जीव गमावून बसाल.

भांड्याची कामगिरी काकूंनी स्वतःहून घेतली. गोणपाटाची नेहमीची थाळी मागच्या दारी पडलेली असे. पोचे आलेली, कडेला लाळेचा थर वाळून कडक झालेला. तिला काकूंनी आजवर बोटही लावलं नव्हतं, आणि ती आपल्या शिदोरीबरोबर प्रवास करणार ही कल्पनाच त्यांना सहन होईना. त्यांनी घडी होणारं नवं रबरी भांडं आणलं. कुत्र्याचं म्हटल्यावर ते रात्रभर ब्लीचमध्ये भिजत घातलं, खळखळून धुतलं, उन्हात वाळवलं, आणि तरी समाधान होईना म्हणून पुन्हा एकदा भिजत घातलं.

रविवारी तिघं गोणपाटाला घेऊन अर्ध्या चढापर्यंत गेले. उन्हं वर आली तशी त्याची जीभ हातभर बाहेर आली. काकांनी भांडं उघडून पाणी ओतलं. गोणपाट धावत आला, भांड्याशी थबकला, ओठ चाटले आणि तोंड फिरवून बाजूला जाऊन बसला. भिंगरीनं चुचकारलं, काका रागावले, पाणी बदललं. त्यानं ढुंकून पाहिलं नाही. मग तिथूनच सगळे परत फिरले.

घरी पोचताच तो मागच्या दारी गेला. तिथे कुंडीखालच्या बशीत हिरवंगार, शेवाळलेलं, आत डासांच्या अळ्या वळवळणारं पाणी साचलं होतं. ते त्यानं लपालपा बशी कोरडी होईपर्यंत प्यायलं. काकूंनी तोंडाला पदर लावला आणि म्हणाल्या, “बघा. याला घाणच लागते. चांगलं त्याच्या नशिबातच नाही.”

काकांनी नकाशाची घडी घातली. भिंगरी रडली नाही. नुसती गोणपाटाच्या पोटावर डोकं ठेवून पडून राहिली. काकूंना सुटल्यासारखं वाटलं. कुत्र्याला एक दिवस शेजारी ठेवू, पोरीला समजावू, आपण जाऊ. त्यांनी मनात सगळं ठरवूनही टाकलं.

संध्याकाळी त्या एकट्याच दुकानात घड्या घालत होत्या. रबरी भांडं भिंगरीनं घरी आल्यावर पुन्हा एकदा भरून बघितलं होतं; ते दुकानात वाटेतच जमिनीवर होतं, त्यात अजून पाणी होतं. गोणपाट मागच्या दारातून आत आला. भांडं दिसताच थांबला. मग समोरच्या भिंतीला अंग घासत, मान दुसरीकडे वळवून, त्यानं भांड्याला लांबून वळसा घातला.

काकूंचे हात घडीवरच थांबले. ही चाल त्यांनी रोज पाहिली होती. कोपऱ्यातल्या कॅनना तो असाच वळसा घालायचा.

त्यांनी भांडं उचलून नाकाशी नेलं. कसलाच वास येईना. आणि येणार तरी कसा? भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक घरातल्यांना जशी ऐकू येत नाही, तशी त्या तिघांची नाकं या वासाला कधीच मेली होती. मग त्यांच्या ध्यानात आलं, की घरातलं एकूण एक भांडं त्यांच्याच हातांतून निघालेलं आहे. त्यांनी कधी न धुतलेलं असं एकच होतं.

त्या मागच्या दारी गेल्या. श्वास रोखला आणि थाळी उचलली. वाळलेल्या थरावर आजचा ओला थर होता. बोटं बुळबुळीत झाली. नळाचं स्वच्छ पाणी ओतून त्यांनी थाळी गोणपाटापुढे धरली. तो पुढे आला, त्यांचे हात हुंगले आणि मागे सरला. काकूंनी थाळी खाली ठेवली, चार पावलं लांब झाल्या. तेव्हा कुठे तो आला आणि तळ दिसेपर्यंत प्यायला.

आजूबाजूला कुणी नव्हतं. थाळी पुन्हा होती तिथे ठेवून दिली असती, तर हे त्यांच्या आणि कुत्र्याच्या पलीकडे कुणालाच कळलं नसतं. आणि कुत्रा काही सांगायला जाणार नव्हता. बोटांवरची लाळ वाळू लागली होती. मग वर घरात जाणाऱ्या जिन्याकडे तोंड करून त्यांनी दोघांना खाली बोलावलं, आणि खाटकाच्या दुकानात शिरल्यासारखं तोंड करून झालेलं सगळं सांगितलं.

काका ऐकता ऐकता हसायला लागले. म्हणाले, “म्हणजे इतके दिवस त्याला तुझी किळस येत होती.”

“येऊ दे. मला त्याची येते. फिट्टंफाट.”

भिंगरीनं नकाशा आणून टेबलावर पसरला, त्यावर इस्त्र्या ठेवल्या आणि विचारलं, “आई, थाळी कुणाच्या पिशवीत?”

काकांची पिशवी आधीच ठरलेली होती, भिंगरीच्या पिशवीत पाणी. काकूंनी एक जुनं फडकं घेतलं, थाळी न धुता त्यात गुंडाळली आणि आपल्या पिशवीत तळाशी घातली. घालताना मान पार दुसरीकडे वळवली होती. मग हात धुवायला त्या कोपऱ्याकडे निघाल्या, आणि मांडणीपाशी पोचायच्या आधीच थांबल्या. धुतले तर ब्लीचचा वास पुन्हा येणार. उद्या वाटेत पाणी देताना पुन्हा तो तोंड फिरवणार.

बरबटलेले हात अंगापासून लांब धरून त्या दुकानाच्या मधोमध उभ्या राहिल्या. गोणपाट जवळ आला. त्यानं हात हुंगले, या वेळी मागे सरला नाही, आणि ऊन, ओलसर, खरखरीत जीभ बोटांवरून फिरवली. मग मनगटावरून.

काकूंनी डोळे घट्ट मिटून घेतले. ओठ वाकडे झाले होते, पण हात तिथेच होता.

“पुरे,” त्या म्हणाल्या. “आणखी चाटलंस तर मीच येणार नाही.”