अठरावं केंद्र

आमच्या विश्वजितच्या मुलीचं, मोनाचं बारसं झालं त्या साली, म्हणजे २०२२ साली, दूध संघात नवं नेटवर्क आलं. विश्वजित माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, संघात नेटवर्क इंजिनिअर. मी त्याच संघात तीस वर्षं वायरमन होतो. रिटायर होऊन सात वर्षं झाली होती, तरी संघाच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. इमारतीतली कुठली केबल कुठल्या भिंतीतून गेली आहे हे कागदावर कुठंच नव्हतं. ते दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि बाळाप्पाला.

बाळाप्पा नेटवर्क विभागातला सगळ्यात जुना माणूस. हातकणंगल्याचा. मी वायर ओढायची आणि त्याने तिच्यात जीव घालायचा, असं आमचं काम चालायचं. गावोगावच्या दूध थंड करणाऱ्या अठरा केंद्रांना त्याने संघाशी जोडलं होतं. प्रत्येक केंद्राचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आकडे, त्याच्या डोक्यात. विश्वजितला सगळं त्यानेच शिकवलं, तेही तोंडीच.

ऑक्टोबरात पुण्याहून राजनंदिनी नावाची मुलगी आली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. संघाचं सगळं नेटवर्क क्लाउडवर न्यायचं होतं, आणि त्यासाठी आमच्या सहा इंजिनिअरांना ती महिनाभर शिकवणार होती. मीटिंग हॉलमध्ये पडदा लावला. मी मागच्या बाकावर.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "इथून पुढं यंत्राचा डबा नाही, वायर नाही. मशीन मुंबईत कुठंतरी असेल. तुम्ही फक्त नियम लिहायचे, कोणी कोणाशी बोलायचं ते. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. जे लिहिलं नाही ते बंद."

"बंद म्हंजे?" बाळाप्पाने विचारलं.

"म्हणजे तो रस्ताच नाही, काका."

"आमच्याकडं उलटं हाय पोरी. जे कुणी हात लावला न्हाय ते वीस वर्षं चालतंय."

सगळे हसले. तीही हसली. मग तिने प्रत्येकाला कोरे कागद दिले आणि म्हणाली, डोक्यात जे आहे ते सगळं यावर उतरवा.

तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. १९९८ साली संघाच्या टेलिफोन बोर्डावर तिघी बायका बसायच्या. कुठला नंबर कुठल्या खोलीत, हे तेव्हाच्या साहेबांनी त्यांच्याकडून असंच लिहून घेतलं होतं, गोड बोलून, चहा पाजून. महिन्याने भिंतीवर आपोआप फोन जोडणारी नवी पेटी लागली आणि तिघी तुपाच्या पॅकिंगला गेल्या. त्यांतली एक माझी बायको, बयाबाई. तिला बोर्डाचं फार होतं. पॅकिंगला गेल्यावर ती सहा महिने घरात कोणाशी धड बोलली नाही.

मी त्या मुलीवर डोळा ठेवला. ती जुन्या कपाटांचे फोटो काढायची. व्हरांड्यात जाऊन हळू आवाजात फोनवर बोलायची. दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये दार लावून बसायची. मी विश्वजितला म्हटलं, "ही शिकवाय आल्या का उपसाय आल्या?"

"मामा, तुम्हाला सगळेच चोर दिसत्यात."

"दिसत न्हाईत. असत्यात."

तिसऱ्या आठवड्यात चहाच्या सुट्टीत ती फाइल टेबलावर ठेवून गेली. वरचा कागद मराठीत होता, कारण संचालक मंडळापुढं सगळं मराठीत ठेवायचं अशी संघाची रीत. मी अक्षरं चाळिशीनंतर गिरवली, त्यामुळं मला वाचायला वेळ लागतो. सहा नावं होती. शेवटचं नाव बाळाप्पाचं, आणि त्याच्यापुढं लिहिलं होतं, 'पुढील टप्प्यात घेऊ नये.' पान उलटेपर्यंत तिची पावलं वाजली. मी बाकावर येऊन बसलो.

बाळाप्पाला नोकरीची दोन वर्षं राहिली होती. त्या कामाशिवाय त्याला दुसरं काही नव्हतं. मी त्याला काही सांगितलं नाही. त्याच्या तोंडावर कसं सांगणार? संध्याकाळी विश्वजितला पार्किंगमध्ये गाठलं.

कागदावरचं ऐकून त्याने गाडीची किल्ली परत खिशात टाकली. "मग काय करायचं?"

"एक केंद्र ठेव मागं. लिहू नकोस. ह्या लोकांचं अडलं की बाळाप्पाच्या दारात यावं लागंल. मग काढत्यात का बघू."

राधानगरीचं केंद्र आम्ही निवडलं. त्याचा पत्ता बाकीच्या सतरांसारखा नव्हता. अडचणीच्या वेळी बाळाप्पाने तो वेगळाच देऊन टाकला होता, आणि विश्वजितखेरीज कोणाला माहीत नव्हता. सगळ्यांचे कागद जमवून जोडणीची यादी विश्वजितच करत होता. राजनंदिनीने विचारलंच, "केंद्रं अठरा आहेत ना? यादीत सतराच कशी?"

"राधानगरीचं त्याच्या अलीकडच्या केंद्रातनंच येतंय. वेगळं लिहायला नको," विश्वजित म्हणाला.

"नक्की?"

"दहा वर्षं बघतोय की."

तिने त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि यादीवर सही केली. मला वाटलं होतं ती आणखी खोदून विचारेल.

नवं नेटवर्क चालू करायचा दिवस सोमवार ठरला. बाळाप्पा त्या दिवशी रजेवर होता. रविवारीच जुनी यंत्रं बंद झाली. सोमवारी सकाळी सहाला संकलन सुरू झालं, आणि सतरा केंद्रांचे दुधाचे आकडे पडद्यावर यायला लागले. अठराव्याची जागा कोरी. साडेसहाला राधानगरीहून फोन आला. फॅट मोजायचं यंत्र चालतंय, पण संघाकडं काही जात नाही, पावती निघत नाही, बाहेर दोनशे माणसं किटल्या घेऊन उभी आहेत.

साहेब आले. राजनंदिनीला सगळ्यांसमोर म्हणाले, "महिना शिकवलं म्हणे. हे शिकवलं?"

ती एकेक नियम बघत होती. पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच ठेवली. विश्वजित माझ्याजवळ सरकला.

"मामा, सांगू का? दोन मिंटाचं काम हाय."

"थांब."

"लोकं ताटकळल्यात तिकडं."

"थांब म्हणतो न्हवं."

मग मीच पुढं होऊन साहेबांना म्हटलं, "बाळाप्पाला इचारा. त्याच्या डोक्यात असंल." साहेबांनी मान डोलावली. मी माझ्या फोनवरून त्याला लावला.

"राधानगरीचं?" तो म्हणाला. त्याचा आवाज बसलेला वाटला. "आरं ते यादीत न्हाय व्हय? विश्वजितला ठावं हाय की. बरं, लिवून घे, मी सांगतो."

"फोनवर न्हाय. तू ये."

"गणपतराव, रजेवर हाय मी. रत्नव्वा सोडायची न्हाय." रत्नव्वा त्याची बायको.

"तुझ्याबगर न्हाय चालायचं हितं. साहेबच म्हणत्यात. ये लवकर."

साहेब तसं म्हणाले नव्हते.

पाऊण तासात तो आला. मोटारसायकलवरून, कानाला मफलर बांधून. लिफ्ट बंद होती, दोन जिने चढून आला आणि दारातच चौकट धरून उभा राहिला. राजनंदिनी पळत गेली. "काका, तुम्ही कशाला आलात? तुम्हाला डॉक्टरांनी..." एवढं बोलून ती थांबली आणि आमच्याकडं बघितलं.

तो खुर्चीत बसला. पत्ता सांगितला. तिने एक ओळ लिहिली. मिनिटभरात अठरावी जागा भरली, राधानगरीचे आकडे पळायला लागले. साहेब त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. बाळाप्पाने विश्वजितकडं पाहिलं. रागाने नव्हे. विश्वजितने मान खाली घातली.

मी त्याला व्हरांड्यातल्या बाकावर घेऊन गेलो, चहा आणला.

"कुणाची अक्कल?" त्याने विचारलं.

"माझी."

"का?"

मी कागदाचं सांगितलं. त्यावर काय लिहिलं होतं ते शब्दाला शब्द सांगितलं.

तो चहाकडं बघत म्हणाला, "ते मीच लिवाय लावलंय. छातीत दोन झडपा खराब हायत. डॉक्टर म्हणला, धावपळीची ड्युटी बंद. तिला म्हटलं, विभागात कुणाला सांगू नगं, दया दाखवाय लागत्यात. दुसरं पान वाचलास?"

"न्हाय."

"नव्या पोरांना शिकवायला मला ठेवलाय त्यात. बसून. दोन वर्षं." त्याने कप खाली ठेवला. अर्धा भरलेला होता. "मला इचारायचंस की रं."

मग म्हणाला, डाव्या हातात मुंग्या येतायत.

विश्वजित आणि राजनंदिनीने त्याला धरून जिन्याने खाली नेलं. संघाच्या जीपमधून दवाखान्यात नेलं. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मागे ती मुलगी त्याला सारखी बोलतं ठेवत होती, जोडणीचंच काहीतरी विचारत होती, आणि तो उत्तरं देत होता. दसरा चौकानंतर त्याने उत्तर दिलं नाही.

त्या आठवड्यात विश्वजितने साहेबांपुढं जाऊन आपण केंद्र गाळल्याचं लिहून दिलं. माझं नाव त्याने घातलं नाही. ते मी घातलं, खाली, माझ्या हाताने.

बाळाप्पा सोमवारी, १४ नोव्हेंबर २०२२ रोजी, सकाळी पावणेनऊ वाजता दवाखान्यात पोचायच्या आधी वारला.