मुलांपासून लांबची जागा

शाळा खोलगट भागात होती आणि तिथं मोबाइलला रेंज नव्हती. फोन करायचा तर पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढायचं, एका हातानं शिडी धरायची आणि दुसऱ्या हातानं फोन. मागच्या वर्षी सातवीतली एक मुलगी प्रयोगशाळेच्या पायरीवरून पडली. कोपरातून हात मोडला. शिडीवरूनही फोन लागेना, तेव्हा खेळाचे सर मोठ्या रस्त्यापर्यंत धावत गेले. गाडी यायला पाऊण तास लागला. त्यानंतर आवारात टॉवर हवा, यावर कुणाचं दुमत नव्हतं. तो नेमका कुठे हवा, यावर मात्र जितकी तोंडं तितकी मतं होती.

कंपनीचा इंजिनियर एका मंगळवारी आला. उंचापुरा, जरा वाकून चालणारा, कमी बोलणारा माणूस. त्यानं खेळाच्या सरांकडून फक्की मागून घेतली आणि टेप लावून आवारात तीन पांढरे चौकोन आखले. एक पहिलीच्या वर्गाच्या खिडक्यांसमोर, एक मैदानाच्या कडेला आणि एक मागच्या कुंपणापाशी, शिपाईमामांच्या दोन खोल्यांना लागून. यातला एक निवडा, असं सांगून तो गेला.

शनिवारी शिक्षकांच्या खोलीत शाळा समितीची बैठक भरली. समितीत सात जण. अध्यक्षांचं औषधांचं दुकान होतं. ते डॉक्टर नव्हते, पण लोक त्यांना डॉक्टरच म्हणत आणि तेही कुणाला अडवत नसत. त्यांच्या शेजारी मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई. अकरा वर्षं त्या या शाळेत होत्या आणि मुलांपासून डॉक्टरांपर्यंत सगळेच त्यांना थोडे वचकून असत. कोपऱ्यात इंजिनियर नकाशा मांडीवर घेऊन बसला होता.

"पहिला चौकोन खोडा," पालकांच्या प्रतिनिधी म्हणाल्या. त्या कपडे शिवत, म्हणून सगळ्यांच्या शिंपीणबाई. "माझी धाकटी त्याच खिडकीत बसते."

"मैदानाचाही खोडा," खेळाचे सर म्हणाले. "लांब उडीचा खड्डा तिथंच आहे. पोरं उड्या कुठे मारणार, माझ्या डोक्यावर?"

"मग राहिला तिसरा," डॉक्टर म्हणाले. "मुलांपासून लांब. भांडणच मिटलं."

इंजिनियरनं घसा साफ केला. "खरं सांगायचं तर टॉवरच्या अगदी पायथ्याशी लहरी कमीच असतात. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं. तुम्ही कुठेही उभा केलात तरी मापं नियमात बसतील."

"एवढी खात्री आहे तर तुमच्या घरापाशी का नाही उभा करत?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"आहे की. आमच्याच गच्चीवर आहे."

यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. तिसऱ्या चौकोनासाठी सातही हात वर झाले. मोठ्या बाईंचाही झाला. शिपाईमामा तेव्हा टेबलावर चहाचे कप मांडत होते. त्यांनी सगळ्यांना चहा दिला, इंजिनियरला बिनसाखरेचा दिला आणि ट्रे घेऊन बाहेर गेले.

सोमवारी दुपारी मोठ्या बाई तिसरा चौकोन बघायला गेल्या. कामाच्या आधी तिथलं काय काय हलवावं लागेल, याची यादी कंपनीला द्यायची होती. मामांनी ते आधीच सुरू केलं होतं. चौकोनावरून जाणारी कपड्यांची दोरी ते सोडत होते. त्यांची नात चौकोनाच्या रेषेवरून एका पायावर उड्या मारत होती. गुडघ्यापर्यंत फक्की लागली होती. मुलीचे आईबाप कामासाठी दूरच्या शहरात राहत, ती आजीआजोबांकडे वाढत होती. एका जागी बसत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

"मामा, तुमची काही हरकत नाही ना?" बाईंनी विचारलं.

"हरकत कसली? मुलांपासून लांब आहे, हे उत्तमच झालं."

मामी उंबऱ्यात बसून उशीचा अभ्रा शिवत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्या घरात मूल नाही म्हणायचं."

"तू गप्प बस," मामा म्हणाले.

मामींनी दोरा दातानं तोडला. भिंगरी उड्या मोजत होती, "एक, दोन, चार."

बाई यादी न करताच परतल्या आणि आपल्या खोलीत दार लोटून बसल्या. भिंगरी त्यांना परकी नव्हती. ती रोज त्यांच्या खोलीत येई, पेन्सिलींचे तुकडे घेऊन जाई, कधी त्यांच्या खुर्चीवर झोपून जाई. तरीही डॉक्टर 'मुलांपासून लांब' म्हणाले तेव्हा तिचं तोंड क्षणभरही बाईंच्या डोळ्यांपुढे आलं नव्हतं. ती हजेरीपटावर नव्हती, एवढंच काय ते कारण. बाईंना आधी स्वतःचं नवल वाटलं. मग राग आला, आणि तो काढायला दुसरं कुणी सापडेना.

त्यांनी बुधवारी पुन्हा बैठक बोलावली, इंजिनियरलाही यायला सांगितलं आणि मामांच्या घराचा मुद्दा काढला.

"झालेला ठराव उकरून काढायचा?" डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मामांना बोलवा. त्यांचीच हरकत असेल तर बघू, नसेल तर विषय संपला."

मामा आले. रिकामा ट्रे छातीशी धरून उभे राहिले.

"मामा, तुमच्या घराशेजारी टॉवर आला तर तुमची काही हरकत?"

"नाही, साहेब."

"ऐकलंत?" डॉक्टर बाईंना म्हणाले.

बाईंनी मामांकडे वळून विचारलं, "भिंगरीचं वय किती?"

मामा घुटमळले. "तीन पुरी झाली."

"दिवसभर कुठे असते?"

"घरीच की."

"आणि रात्री?"

"रात्री कुठे जाणार, बाई?"

शिंपीणबाईंनी उचललेला कप परत बशीत ठेवला. "माझी पोरगी त्या खिडकीत पाच तास बसते," त्या सावकाश म्हणाल्या. "ही तर चोवीस तास."

"मग उभा कुठे करायचा?" खेळाच्या सरांनी विचारलं. "हवेत?"

"माझ्या खोलीमागे," बाई म्हणाल्या. "रस्त्याकडे सायकल स्टँड आहे तिथं. स्टँड फाटकापाशी हलवू."

सगळ्यांनी इंजिनियरकडे पाहिलं. तो उठून खिडकीपाशी गेला, बाहेर बघितलं, नकाशावर बोट फिरवलं. "चालेल. खरं तर हीच जागा सगळ्यात सोयीची होती. जमीन टणक आहे, ट्रक सरळ आत येतो, वीजही जवळ आहे."

"मग आधी का नाही आखलीत?"

"मुख्याध्यापकांच्या खोलीमागे आखायची पद्धत नाही," तो म्हणाला.

डॉक्टरांना ते पटलं नाही. शाळेच्या अगदी तोंडाशी लोखंडाचा सांगाडा, येणारेजाणारे काय म्हणतील, हा त्यांचा मुद्दा होता. "आधी त्यांना फोन लागू दे, मग म्हणू दे काय ते," बाई म्हणाल्या. मत घेतलं तेव्हा चार हात वर झाले, तीन खाली राहिले. डॉक्टर विरोधात होते, पण ठराव त्यांनी स्वतःच्या हातानं नीट लिहिला आणि सही केली.

टॉवर सहा आठवड्यांत उभा राहिला. वीज गेली की खालचा जनरेटर घरघरू लागे आणि बाईंना खिडकी लावून घ्यावी लागे. दोन पालकांनी आपली मुलं शाळेतून काढली. त्यातल्या एकाला नव्या शाळेच्या समोरच्याच इमारतीवर टॉवर दिसला, तेव्हा तो काही न बोलता मुलाला घेऊन परत आला. बाईंनीही काही न बोलता प्रवेश दिला. इंजिनियर मापं घेऊन गेला. ती नियमात बसत होती. एव्हाना कुणी त्याला काही विचारतही नव्हतं.

मामांचं मात्र बिनसलं होतं. काम चोख होतं, घंटा वेळेवर होत होती. पण पूर्वी चहा देऊन झाल्यावर ते दाराजवळच्या स्टुलावर टेकत, दोन गोष्टी सांगत. ते बंद झालं. भिंगरीही खोलीत येईनाशी झाली. महिनाभर बाईंनी वाट पाहिली आणि एक दिवस विचारलं.

"मामा, माझ्यावर रागावलात का?"

"राग नाही, बाई." ते ट्रे पुसत राहिले. "मी सगळ्यांसमोर हरकत नाही म्हणालो होतो. तुम्ही पोरीचं वय विचारून मला खोटं पाडलंत. बायको म्हणते, त्यांना कळलं ते तुम्हाला कसं कळलं नाही? मला कळत नव्हतं होय?"

"मी आधी घरी येऊन विचारलं होतं तुम्हाला."

"तुम्ही नाही, मोठ्या बाईंनी विचारलं होतं. त्यांना काय सांगणार?"

बाईंनी माफी मागितली. त्यानं मामा अधिकच अवघडले, "असू दे, असू दे" म्हणत ट्रे घेऊन निघून गेले.

पुढच्या बैठकीत कचऱ्याचा खड्डा कुठे खणायचा, हा विषय होता. बाईंनी भिंतीकडची एक खुर्ची टेबलापाशी ओढली आणि मामांना बसायला सांगितलं. मामांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर कागद चाळत म्हणाले, "बसा हो."

मामा खुर्चीच्या कडेवर बसले. खेळाचे सर मैदानापलीकडचा कोपरा सुचवत होते, शिंपीणबाईंना तो पटत होता, डॉक्टर लिहायलाही लागले होते.

"तिथं नको," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "का?"

"पाऊस पडला की तिथं गुडघाभर पाणी साचतं. सगळा कचरा तरंगत वर्गात येईल." ते थांबले. मग म्हणाले, "आणि माझ्या घरामागे पण नको."

"बरं," डॉक्टर म्हणाले आणि लिहिलेली ओळ खोडली.