मावशींची सभा वर भरली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. जुनी असले तरी मला स्वस्थ बसवत नाही. ज्याला चाकं असतात त्याला एका जागी उभं करणं म्हणजे शिक्षाच.

एका छोट्या कारखान्यात नळ्या वाकवून, जोडून मला घडवलं. वर निळं रेक्झिन चढवलं. सुरुवातीची वर्षं मी दवाखान्यात काढली. तिथं माझ्यावर बसणारा प्रत्येकजण मला कधी एकदा सोडतो याचीच वाट पाहायचा. पुढे रेक्झिन फाटलं, आणि मला एका शाळेला देऊन टाकलं. शाळेनं अडगळीच्या खोलीत ढकललं.

तिथून मला मावशींनी बाहेर काढलं. मावशी म्हणजे शाळेतल्या मदतनीस. लहानग्यांना शी-शूला नेणं, डबा भरवणं, रडणाऱ्याला कडेवर घेणं, सगळं त्यांच्याकडे. त्या वर्षी पायांत बळ नसलेली एक मुलगी पहिलीत आली. जीभ मात्र अशी तिखट, की मावशींनी तिचं नावच मिरची ठेवलं. त्यांनी माझ्या चाकांना तेल घातलं, जुन्या पडद्याची गादी शिवली, आणि आमची स्वारी निघाली.

"मावशी, जोरात पळव ना!"

"अगं ए, खुर्ची आहे ही, विमान नाही!" असं म्हणायच्या आणि पळवायच्याच.

एखादा पाहुणा मिरचीच्या डोक्यावरून मावशींना विचारी, "हिचं नाव काय?" मावशी फटकन म्हणत, "तोंड तिला आहे. तिलाच विचारा."

मिरची चौथीत गेली. मग एका सोमवारी मावशी आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मिरचीनं विचारलं की जो तो म्हणे, "गावाला गेल्यात." शिपाईमामा मला ढकलू लागले, पण मिरचीनं मावशींचं नाव काढलं की एकदम वेग वाढवत. माझ्या चाकांना ते कळत होतं. मला चैन पडेना.

त्याच आठवड्यात एका दुपारी सगळी शाळा वरच्या मजल्यावरच्या सभागृहात गेली. मिरचीला मात्र वर्गातच ठेवलं. "तू चित्र काढत बस हं, बाळ." थोड्या वेळानं वरून माइकचा आवाज आला, "आपल्या सर्वांना सोडून गेलेल्या लाडक्या मावशी..."

मिरचीच्या हातातला खडू पडला. मग तिनं माझी चाकं पकडली. उंबऱ्याला आम्ही अडलो, मागे सरलो, पुन्हा धडकलो, पार झालो. आणि जिन्यापाशी येऊन थांबलो. मित्रांनो, जिना मला चढता येत नाही. एवढी तळमळ मला कधीच झाली नव्हती.

मिरची मान वर करून ओरडली, "माझी मावशी होती ती! मला का नाही सांगितलंत?"

माइक बंद झाला. मुख्याध्यापिका बाई धावत खाली आल्या. "तुला त्रास होईल म्हणून गं..."

"त्रास होतोयच की!"

बाई शेवटच्या पायरीवर बसल्या. मिरचीचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "चुकलं आमचं. मावशी रविवारी झोपेतच गेल्या." मग वर पाहून हाक दिली, "सगळ्यांना खाली आणा. सभा पटांगणात घेऊ."

उन्हात सभा पुन्हा भरली. मावशी प्रेमळ होत्या, कष्टाळू होत्या, शांत होत्या, असं कुणीतरी बोललं.

"शांत? मुळीच नाही!" मिरची म्हणाली. "डबा संपवला नाही की केवढी ओरडायची! गाणं तर इतकं बेसूर, की मी कान झाकायचे. मग मुद्दाम आणखी मोठ्यानं म्हणायची."

आधी शिपाईमामांना हसू फुटलं, मग सगळ्यांना. आणि हसता हसता अख्खी शाळा रडली.

आता नव्या ताई आल्या आहेत. मनानं चांगल्या आहेत, पण मला दारावर आपटतात. "जरा हळू, ती म्हातारी आहे," मिरची त्यांना शिकवते.

पण माझा घोर संपलेला नाही. पुढच्या वर्षी मिरची पाचवीत जाईल, आणि पाचवीचा वर्ग वर आहे. तो खाली आणायचं बाईंनी कबूल केलंय. मोठ्यांचं कबूल करणं तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून मित्रांनो, एवढंच मागते: रोज जाऊन बाईंना विचारा, वर्ग कधी खाली येणार?