आकडा उडतो

केबलवरची तांब्याच्या बारीक तारांची जाळी, पिळून शेपटीसारखी केलेली, चार बोटं लांब... आणि टोकाच्या पट्टीवर तिच्याच अक्षरातला नंबर. पोटात आडवी रेघ मारलेला सात. असा सात या कारखान्यात दुसरं कुणी काढत नाही.

काट्याची पुन्हा तक्रार आली म्हणून ती पॅनेलसमोर उकिडवी बसली होती. मोटारीचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह गेल्या वर्षी तिनेच इथे बसवला होता, आणि त्याची केबल – टॉर्चच्या उजेडात आता नीट दिसत होती – वजनकाट्याच्या बारीक केबलला खेटून, एकाच डक्टमधून गेली होती. या दोघी शेजारी नांदत नाहीत, हे कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात शिकवतात. ड्राइव्ह चालू झाला की मोटारीच्या केबलमधून विजेचा गोंगाट सुटतो, शेजारच्या तारांमध्ये शिरतो. तो अडवायलाच केबलभोवती ही जाळी असते, पण तिची अशी शेपटी केली तर ती असून नसल्यासारखी. हे तिला त्या दिवशीही माहीत होतं. त्या दिवशी फक्त साडेपाच वाजून गेले होते, वेगळा डक्ट टाकायला आणखी दोन तास लागले असते, आणि सुपरवायझर म्हणाले होते, "चालतंय ना? मग झालं." चालत तर होतंच.

तिने मोटार सुरू केली. काट्यावर काहीच नव्हतं, तरी आकडा शून्यावरून ऐंशीवर गेला, एकशे वीसवर, परत शून्यावर...

"वहिनी, आकडा आपोआप उडतो." तिचा दीर म्हणाला होता. नऊ वर्षं तो याच काट्यावर धुण्याच्या पावडरची पोती मोजत होता. पोती कमी वजनाची निघाली, गाडी परत आली, चौकशी झाली. वायरिंगमध्ये काही गडबड आहे का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा – मी काय म्हटलं? "वायरिंग मी केलंय." एवढंच, मान ताठ ठेवून. आणि घरी, ताटावर बसल्यावर: "आकडा कशाला उडेल भावजी? लक्ष उडत असेल तुमचं." सगळे हसले. तोही हसला. आठ दिवसांनी त्याला कामावरून काढलं; त्या गोष्टीला आता आठ महिने झाले. घरात तो गप्प असतो, आणि ते गप्प राहणं म्हणजे कबुलीच, असं तिने मनाशी धरून टाकलं होतं.

दुपारभर ती काम करत राहिली. मोटारीची केबल उपसून हातभर अंतरावरून वेगळी नेली. जिथे दोघींना एकमेकींना ओलांडावंच लागलं तिथे काटकोनात. पॅनेलच्या प्लेटवरचा रंग खरवडून धातू उघडा केला, जाळी न पिळता सबंध गोलाईने क्लॅम्पखाली आवळली. मोटारीच्या टोकालाही तसंच. मोटार सुरू. शून्य. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. शून्य. हात किती सफाईने चालत होते – हातांना काही वाटत नसतं.

"काय निघालं?" सुपरवायझरांनी विचारलं.

"मोटारीच्या केबलचा गोंगाट काट्यात जात होता."

"म्हणजे कुणाचा दोष नाही म्हणायचा. विजेचं असं व्हायचंच."

त्यांनी वाट मोकळी करून दिली होती. होकारार्थी मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"केबल मी चुकीची टाकली होती," ती म्हणाली. "भावजी खरं सांगत होते."

त्यांनी मोटार स्वतः बंद करून पुन्हा सुरू केली. "तसं लिहून द्याल? नीट विचार करा. तुमचीही नोकरी आहे."

"देते."

कागदावर सही करताना पेन अडलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. कागद वर जाईल, पुढचं माझ्या हातात नाही, असं ते म्हणाले.

बसमध्ये ती वाक्यं जुळवत होती. भावजी, चूक माझी होती... नको. आधी चहा करावा का? चहा कशाला मध्ये? तो म्हणेल, असू दे वहिनी. कुणाचं मन मोडू नये म्हणून तो आयुष्यभर हेच म्हणत आलाय. आणि मग सगळे जेवायला बसतील, विषय संपेल. नाही – या वेळी तरी त्याने असू दे म्हणू नये. ताट सरकवावं, ओरडावं, सगळ्यांसमोर. तिला ते हवं होतं, आणि आपल्याला ते हवंय हे लक्षात आल्यावर ती जराशी घाबरली. कारण इतक्या वर्षांत या माणसाला राग येत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.